पान एकाहत्तर

छापखान्यात आक्काच्या उजव्या तर्जनीचा दरारा मास्तरांपेक्षा मोठा होता. आंधळ्यांसाठी पुस्तकं काढणारा हा छापखाना. इथे शाईचा वास नाही, अक्षरांचे खिळे नाहीत. जस्ताच्या पत्र्यावर ठिपके ठोकायचे, पत्र्यात जाड कागद दाबायचा, की कागदावर ठिपके उठतात. पुस्तक शिवणीला जाण्याआधी त्याचं एकेक पान आक्काच्या त्या बोटाखालून जाई. एखादा ठिपका मान खाली घालून बसला असेल, तर घासात खडा लागावा तसं बोट तिथे अडे आणि आक्का म्हणे, "मास्तर, तुमचा पत्रा म्हातारा झाला. तुमच्यासारखाच."

आक्का जन्मापासून आंधळी. टेबलाच्या पलीकडे डोळस बसायची. हजेरीच्या वहीत तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण आक्काने पहिल्याच दिवशी "ए डोळस, इकडे ये" म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की एकदा नवऱ्यानेही तिला चुकून त्याच नावाने हाक मारली.

काम दोघींच्या जोडीचं. आक्का बोटाने ओळ वाचून मोठ्याने म्हणणार, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. डोळस समोरच्या शाईच्या पुस्तकात ती ओळ बघणार. बरोबर असली तर म्हणायचं, "जुळलं." नसली तर, "थांब." दिवसभरात दोघींमध्ये हे दोनच शब्द झाले तरी चालायचं. "एवढ्यावर कोणाचा संसार भागत नाही बघ," आक्का म्हणायची. "आपला भागतो."

पहिल्याच महिन्यात एकदा डोळसने जांभई देता देता, न बघताच "जुळलं" म्हटलं होतं. आक्काने ती ओळ मुद्दाम चुकवून वाचली होती. ती ओरडली नाही. हात कागदावरून उचलून मांडीत ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडे एक माझं बोट आहे आणि एक तुझा शब्द. यातलं एक गेलं, की मी घरी बसले." त्याला पाच वर्षं झाली होती. त्यानंतर डोळसने न बघता "जुळलं" म्हटलं नव्हतं. तापात असताना नाही, पोरीला देवी टोचून आणलेल्या दिवशी नाही, कधीच नाही.

त्या आठवड्यात टेबलावर आलेलं पुस्तक दोघींच्या ओळखीचं होतं. खरं तर ती दोन पुस्तकं. एक होतं जोगिणीच्या पत्रांचं. जोगीण हे आक्काने ठेवलेलं नाव. ती होती ख्रिस्ती मठातली एक बाई, चाळीस वर्षं एका खोलीत राहून तिने आपल्या प्रभूची वाट पाहिली आणि ती वाट पाहणं मैत्रिणीला पत्रांतून लिहिलं. दुसरं एका बौद्ध भिक्खूच्या प्रवचनांचं. दोघांचा काळ वेगळा, देश वेगळा, एकमेकांचं नावही कधी कानावर गेलेलं नाही. छापखान्याने सहा वर्षांपूर्वी दोन्ही पुस्तकं ठिपक्यांत काढली होती. आता एका कॉलेजला दोन्ही एकाच जिल्दीत हवी होती, एका प्राध्यापकाच्या प्रस्तावनेसकट. पत्रे झिजले होते म्हणून मास्तरांनी नवे ठोकून घेतले, पण दोन्ही पुस्तकांच्या पानांचे आकडे जुनेच ठेवले. सत्तरावर जे संपत होतं ते सत्तरावरच संपणार.

आक्का प्रस्तावना वाचत होती. "दोघेही साधकाला दिवा विझवायला सांगतात पूर्णविराम."

"जुळलं."

"पण जोगिणीच्या अंधारात कोणीतरी आहे स्वल्पविराम आणि भिक्खूच्या अंधारात कोणीही नाही पूर्णविराम."

"जुळलं."

"दोघांत साम्य शोधणाऱ्याने एवढं विसरू नये स्वल्पविराम की भिक्खूने कुठेही स्वल्पविराम चुकूनसुद्धा स्वल्पविराम कोणीतरी आहे असं म्हटलेलं नाही पूर्णविराम."

"जुळलं."

"जुळलं असेल. पण खोटं आहे." आक्काने खुर्ची मागे सरकवली. तिच्या चेहऱ्यावर मोठ्या माणसाची चूक पकडल्याचा आनंद होता. "या प्राध्यापकाने एकाहत्तरावं पान वाचलेलंच नाही. अगं, सत्तरावर तो भिक्खू दिवा घेऊन सगळं घर धुंडाळतो. माळा बघतो, फडताळं बघतो. घराचा मालक कुठेच नाही. ज्याच्यासाठी आयुष्यभर भ्यालो तो घरात नव्हताच, म्हणतो. आणि दिवा विझवतो. तिथे पान संपतं. आणि एकाहत्तरावर?"

डोळसला ते माहीत होतं. आक्काने ते तिला कमीत कमी शंभर वेळा ऐकवलं होतं. तरी ती म्हणाली, "काय?"

आक्का पाठ म्हणू लागली, या वेळी विरामचिन्हांशिवाय. "'अंधार झाला म्हणजे खोली रिकामी झाली असं नाही. कोणीतरी आहे. इतकं जवळ आहे की दिसायला जागाच उरलेली नाही. आईच्या छातीशी धरलेल्या लेकराला आईचं तोंड दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते रडतं, आणि जिच्यासाठी रडतं तिच्याच अंगावर रडतं.'" मग ती म्हणाली, "आता बघ हां. हेच जोगिणीने म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, बाई, तुला तसं म्हणणं भागच आहे, तुझा धर्मच तो. आणि गंमत बघ, तिला बिचारीला तर कोणी भेटलंसुद्धा नाही, तसं तिने सरळ लिहून ठेवलंय. पण हा भिक्खू! कोणी नाही, कोणी नाही म्हणत साऱ्या खोल्या उघडून दाखवणारा माणूस, आणि शेवटी तो म्हणतो, कोणीतरी आहे. हा विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आहे, डोळस. कोर्टातसुद्धा त्याचंच धरतात."

"जेवून घेऊ या का?" डोळस म्हणाली.

"तुला ज्ञानाची भूक नाही," आक्का हसली, "पोटाचीच आहे."

आक्काला ती साक्ष कशासाठी हवी होती, ते छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोलत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आक्काला तीन वर्षांची मुलगी होती. चार दिवस तिला ताप होता. पाचव्या दिवशी दुपारी आक्का तिला मांडीवर घेऊन बसली, मागे-पुढे डोलत. मुलगी कण्हायची थांबली. अंग हळूहळू निवायला लागलं. ताप उतरतोय म्हणून आक्काला इतका आनंद झाला, की शेजारीण दारात आली तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं आणि कुजबुजली, "आत्ता कुठे गाढ झोपलीय." शेजारणीला डोळे होते. तिने बघितलं. ती नुसती उंबऱ्यात उभी राहिली, आणि आक्का आणखी बराच वेळ डोलत राहिली.

आक्काने हे डोळसला एकदाच सांगितलं होतं, खाली मान घालून, पुस्तकातली ओळ वाचावी तसं. "नेमकी कधी गेली ते मला माहीत नाही. मी तिथेच होते, आणि मी तिथे नव्हते. मला देव आहे की नाही, आत्मा आहे की नाही, काही नको. मला एवढंच हवंय. त्या वेळी तिच्याजवळ कोणी होतं का? ज्याला कळलं, असं कोणी?"

त्यानंतर आठ महिने आक्का कामावर आली नाही. आली तेव्हा ती दोन पुस्तकं तिच्यावाचूनच निघाली होती. ती तपासली होती एका म्हाताऱ्या तपासनिसाने, तोही पुढे निवृत्त झाला. आक्काने कपाटातून भिक्खूचं पुस्तक काढलं, आणि कुठल्याशा दिवशी एकाहत्तराव्या पानावर येऊन पोचली. तिथून ती पुन्हा जेवू लागली, टोमणे मारू लागली, जगू लागली.

त्या दुपारी डबा तसाच ठेवून डोळसने शाईचं पुस्तक उघडलं. प्राध्यापक चुकलेत याची खात्री करावी, म्हणजे आक्काला आणखी बरं वाटेल, एवढाच तिचा हेतू. भिक्खूच्या भागात दिवा विझला, त्याच्यापुढे तिने वाचलं. तिथे लेकरू नव्हतं. छाती नव्हती. कोणीतरी नव्हतं. तिने पान उलटलं, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग तिला काहीतरी सुचलं. तिने जोगिणीचा भाग उघडला.

ओळी तिथे होत्या. सगळ्या, शब्दान् शब्द.

कपाटातली जुनी ठिपक्यांची पुस्तकं तिने टेबलावर आणली आणि डोळ्यांनी ठिपके वाचत बसली. भिक्खूच्या पुस्तकात एकाहत्तरावं पान जोगिणीचं होतं. जोगिणीच्या पुस्तकात एकाहत्तरावं पान भिक्खूचं. ठिपक्यांच्या पानावर डोक्याशी पुस्तकाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. आणि तपासणीनंतर, शिवणीआधी पानं लावायचं काम असतं: लांब टेबलावर पानांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि टेबलाला प्रदक्षिणा घालत प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक पान उचलत जायचं, की पुस्तक तयार होतं. त्या वर्षी दुसऱ्या टेबलाचा पाय मोडला होता म्हणून दोन्ही पुस्तकांचे गठ्ठे एकाच टेबलावर मांडले होते. मांडले होते कोणी? आठवा महिना लागलेल्या, पायांना सूज आलेल्या एका पानं लावणाऱ्या बाईने. तेव्हा तिला डोळस म्हणत नव्हते. गठ्ठे मांडताना मधेच पोटातल्या पोरीने अशी लाथ मारली होती, की हातातले दोन गठ्ठे टेबलावर टेकवून ती कडा धरून उभी राहिली होती. लाथ तिच्या लक्षात होती. गठ्ठे कुठे टेकवले ते नव्हतं.

दोन्हींच्या चाळीस-चाळीस प्रती. सहा वर्षांत एकाही वाचकाची तक्रार नाही. दोन धर्मांची एवढी भांडणं, एवढे ग्रंथ, प्राध्यापकाची एवढी प्रस्तावना. आणि दोघांच्या मधलं कुंपण कुठे होतं ते ऐंशी वाचकांपैकी एकाच्याही बोटाला लागलं नव्हतं. दुसरी कोणती चूक असती, तर डोळस हसली असती.

नवी पानं मात्र बरोबर लावलेली होती. तीन दिवसांनी भिक्खूचं एकाहत्तरावं पान टेबलावर येणार होतं, आणि ते आक्का स्वतःच्या बोटाने वाचणार होती.

"मास्तर," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जुन्या पुस्तकात एखादी चूक सापडली तर?"

"तर दुरुस्त करायची. चूक काय पाहुणी आहे, ठेवून घ्यायला?" मास्तर पत्रा उजेडात धरून बघत होते. "का? कुठे सापडली?"

"नाही. सहज."

तिने आक्काला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा "आक्का, ऐक ना" म्हणाली, आणि दोन्ही वेळा "पाणी आणू का?" म्हणून उठली.

तिसऱ्या दिवशी शाळा अर्धी होती. डोळसने पोरीला कामावर आणलं. पाच वर्षांची पोर टेबलाखाली खेळून खेळून कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपली. आक्काने तिला कधी मांडीवर घेतलं नव्हतं. पोर जवळ आली, की आक्काला हटकून काहीतरी काम आठवायचं आणि ती उभी राहायची. त्या दिवशी वाचता वाचता आक्का थांबली. "डोळस, ती गप्प का आहे?"

"झोपलीय."

"बघितलंस?"

"बघितलं, आक्का."

तरी आक्का उठली. टेबलाची कड धरत गेली, गठ्ठे चाचपले, आणि तर्जनी, जिच्याखालून हजारो पानं गेली होती ती तर्जनी, पोरीच्या नाकाखाली धरली. धरून ठेवली. डोळसने मनात आकडे मोजले. वीस झाले तरी बोट तिथेच होतं. मग आक्का परत आली, कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, "कुठे होतो आपण?"

डोळसने तेव्हाच ठरवलं.

तिने स्वतःची समजूत घातली ती अशी. छापताना पान बरोबरच छापलं जाईल, कॉलेजला बरोबर पुस्तक मिळेल, कोणाचंच काही बिघडणार नाही. फक्त आक्काच्या बोटाखाली एकदा, एकच पान, जुनं जाईल. नवं पान मी माझ्या डोळ्यांनी तपासेन, दहा वेळा तपासेन. आंधळीची काठी काढून घ्यायची, आणि कशासाठी, तर काठी दुसऱ्याची आहे म्हणून? चौथ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कपाटातून भिक्खूचं जुनं पुस्तक काढलं, ब्लेडने एकाहत्तरावं पान शिवणीपाशी कापलं, आणि टेबलावरच्या नव्या पानांत सत्तराखाली सरकवलं. नवं पान खणात ठेवलं. खिडकीशी जाऊन तिने दोन्हींकडे बघून घेतलं होतं. तोच कागद, तेच ठिपके. काही फरक नव्हता.

आक्का त्या दिवशी केस नीट विंचरून आली होती.

"आज माझं पान," ती बसता बसता म्हणाली. "तो प्राध्यापक इथे हवा होता."

साठ, बासष्ट, पासष्ट. सत्तरावर भिक्खू घरभर हिंडला. "मालक कुठेच नव्हता पूर्णविराम ज्याच्यासाठी मी भ्यालो स्वल्पविराम तो घरात नव्हताच पूर्णविराम मी दिवा विझवला पूर्णविराम."

"जुळलं."

आक्काने पान उलटं ठेवलं आणि पुढचं ओढलं. "अंधार झाला म्हणजे खोली रिकामी झाली असं नाही पूर्णविराम."

डोळसच्या समोर उघडं असलेलं शाईचं पान दुसरंच काही सांगत होतं. तिने डोळे पुस्तकावरून काढले. "जुळलं."

"कोणीतरी आहे पूर्णविराम."

"जुळलं."

"इतकं जवळ आहे स्वल्पविराम की..." बोट थांबलं. मागे आलं. "कोणीतरी" या शब्दावरून एकदा गेलं, पुन्हा गेलं, मग नुसतं त्याच्यावर टेकून राहिलं.

"काय झालं?" डोळसने विचारलं.

"हे पान माझं आहे."

"म्हणजे?"

"नवं पान टोचतं, डोळस. सकाळपासून माझं बोट हुळहुळतंय. हे टोचत नाही. इथले ठिपके बसलेत. हे मी बसवलेत, पाच वर्षं." तिने पानाची कड चाचपली. "माझ्या पुस्तकातून फाडलंस?"

डोळ्यांना ठिपका ठिपक्यासारखाच दिसतो. बोटाखाली तो झिजतो, हे रोज बोटासमोर बसणाऱ्या डोळसला सुचलंच नव्हतं.

"ब्लेडने कापलं," ती म्हणाली.

"सरळ कापलंस?"

"हो."

"बरं केलंस." आक्काचा आवाज अगदी साधा होता. "आणि दोनदा जुळलं म्हणालीस. तुझ्यासमोर काय लिहिलंय?"

डोळस रडायला लागली. आक्काने तिला रडू दिलं, जसं बाहेर मशीन चालू असलं की ते थांबेपर्यंत ती गप्प बसायची. मग डोळसने सगळं सांगितलं. मोडकं टेबल, गठ्ठे, दोन एकाहत्तर. "ते मी मांडले होते, आक्का. माझ्या हातून झालं."

"पोटुशी होतीस ना तेव्हा?"

"हो."

"आणि मी घरी होते," आक्का म्हणाली. "नवं पान कुठाय?"

"नको ना, आक्का."

"खणात आहे. खण उघडल्याचा आवाज यायला नको म्हणून सकाळपासून तू पेन्सिल मागितली नाहीस. दे."

डोळसने दिलं. आक्काने ते समोर सारखं केलं, आणि जसं पाच वर्षं वाचत आली होती तसं वाचलं.

"मालक नाही म्हणून घर ओस पडत नाही पूर्णविराम."

"जुळलं."

"आवाज काढ नीट."

"जुळलं."

"चूल पेटते स्वल्पविराम दार उघडतं स्वल्पविराम निजलेल्याच्या अंगावर पांघरूण पडतं पूर्णविराम घालणारा शोधू नका स्वल्पविराम सापडणार नाही पूर्णविराम."

"जुळलं."

"ऊब कोणाची म्हणून विचारू नका पूर्णविराम ऊब होती स्वल्पविराम तेवढं खरं पूर्णविराम."

"जुळलं."

आक्काचा हात पानावर पालथा पडून राहिला. "हे मी वाचलेलं आहे," ती म्हणाली. "जोगिणीच्या पुस्तकात, तिचं म्हणून वाचलं होतं. तेव्हा मनाला काही लागलं नव्हतं."

"आणि आता?" डोळसने भीत भीत विचारलं.

"ऊब होती, म्हणतो." आक्काने मान हलवली. "ऊब जात होती, आणि मला आनंद झाला होता. त्याला सांग जाऊन."

मग तिने हात पुढे केला. "जोगिणीचं सत्तर आण. आणि बहात्तर. मला तिचं तिच्या जागी वाचायचंय."

डोळसने आणून दिलं. सत्तराच्या शेवटच्या ओळी आक्काने म्हटल्या. "मठात नव्याने आलेल्या मुली रडत विचारतात स्वल्पविराम की इथे खरंच कोणी आहे का प्रश्नचिन्ह तेव्हा मी त्यांना सांगते अपूर्णविराम." त्याच्याखाली तिने आपलं जुनं, कापलेलं पान ठेवलं. वाचलं नाही, ते पाठ होतं. नुसता त्याच्यावरून तळहात फिरवला. मग बहात्तर घेतलं. "हे मी त्यांना सांगते पूर्णविराम स्वतःला सांगायला गेले की जीभ वळत नाही पूर्णविराम एकोणीस वर्षं या खोलीत बसले आहे पूर्णविराम मला कोणी भेटलेलं नाही पूर्णविराम तरी मी दार लावून घेतलेलं नाही पूर्णविराम."

डोळसने ओळ न् ओळ बघितली. "जुळलं."

"म्हणजे साक्षीदार नव्हताच," आक्का म्हणाली. "पोरींची समजूत काढत होती ती. तू माझी काढलीस तशी." ती हसल्यासारखी झाली, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. "आणि तिची समजूत काढायला कोणी नव्हतं."

शिवणीच्या बाजूला बायका सुया खाली ठेवून इकडे बघत होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले, आक्काचा चेहरा बघितला आणि मागे फिरले.

"आक्का," डोळस म्हणाली, "तू तिथे होतीस. तिच्याजवळ तू होतीस."

"होते ना. मांडी होती. कळलं कोणाला नाही." आक्काने ते जुनं पान उचललं, चाचपून कडा जुळवल्या आणि डोळसच्या बाजूला सरकवलं. "हे जिथून कापलंस तिथे परत चिकटव. चुकीच्याच जागी राहू दे. सहा वर्षं राहिलंय."

"आणि आपण? पुढे बहात्तरापासून घ्यायचं?"

"नाही. पहिल्या पानापासून."

"प्रस्तावना झालीय, आक्का. भिक्खूची सत्तर पानं झालीत. चार दिवसांचं काम..."

"झालीत असं तू म्हणतेस."

डोळस उठली, तपासलेल्या पानांचा गठ्ठा उचलून आणला आणि उलटा करून आक्कासमोर ठेवला. शाईचं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, बायका डबे घेऊन उठल्या. या दोघी उठल्या नाहीत. आक्काने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. हुळहुळतं म्हणून ते एकदा साडीला पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

"ज्ञानाच्या शोधात निघालेल्या दोन माणसांची ही वचनं आहेत पूर्णविराम."

डोळसने ओळ बघितली. एकेक अक्षर बघितलं, काना-मात्रा बघितली, पूर्णविराम बघितला. "जुळलं."

बोट पुढे सरकलं नाही.

"नक्की?" आक्काने विचारलं.

पाच वर्षांत हा शब्द तिने कधी विचारला नव्हता.